पायथन अ‍ॅप क्लाउडवर चढवलं आणि वर्गणीच्या ६१ पावत्या गायब

पावतीपुस्तक · सोमवार, सकाळी ९:१२

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे.

मी पेशाने हिशेबनीस. पायथन शिकलो ते लॉकडाऊनमध्ये, यूट्यूबवर. आमचं साताऱ्यात पेठेतलं गणेशोत्सव मंडळ आहे. त्याच्या वर्गणीसाठी जँगोमध्ये (पायथनमध्ये वेबसाइट बांधायचा तयार सांगाडा) छोटं अ‍ॅप लिहिलं. नाव, पत्ता, रक्कम भरायची, 'अक्षरी रुपये' आपोआप येतं आणि पावतीची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. लॅपटॉपवर तीन आठवडे झकास चाललं. मग कोड गिटहबवर टाकला (गिट कोडच्या बदलांची नोंद ठेवतो, गिटहब त्याचं ऑनलाइन कोठार), एका क्लाउड प्लॅटफॉर्मच्या फुकट प्लॅनला जोडला, 'स्टार्ट कमांड'च्या रकान्यात लॅपटॉपवर देतो तीच रनसर्व्हरची (जँगोसोबत येणारा सर्व्हर) आज्ञा दिली, फक्त ०.०.०.० आणि प्लॅटफॉर्मचा पोर्ट लावून. पाच मिनिटांत पत्ता मिळाला. कॉलर ताठ.

काल रविवारी पोरं फोन घेऊन पेठेत फिरली. रात्रीपर्यंत ६१ पावत्या झाल्या. आज सकाळी खजिनदार काकांचा फोन आला की पावतीवर 'कार्याध्यक्ष'मधला 'र्या' चुकलाय. तो दुरुस्त केला, पुश केलं (बदल गिटहबवर पाठवला), पान उघडलं तर ६१ पावत्या गायब! त्यांच्या जागी दोनच नोंदी: 'टेस्ट काका, रुपये १' आणि 'टेस्ट काकू, रुपये ११'. या मी महिन्यापूर्वी लॅपटॉपवर केलेल्या. मेलेली माणसं परत यावीत तशा आल्या.

खजिनदार काका जुन्या वळणाचे. त्यांनी छापील पावतीपुस्तकही सोबत फाडायला लावलं होतं, त्यामुळे स्थळप्रती शाबूत आहेत. नाहीतर आज मी हा धागा भूमिगत राहून काढला असता.

प्रश्न: पावत्या गेल्या कुठे? टेस्ट काका आले कुठून? शिवाय पीडीएफमध्ये जोडाक्षरं फुटतात आणि रात्री केलेल्या काही पावत्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडली होती. त्याचं काय करू?

(मोबाइलवरून टंकतोय, कळफलक मराठीच आहे, म्हणून आज्ञाही देवनागरीत. समजून घ्या.)

---

बाष्कळ · सोमवार, सकाळी ९:३१

टेस्ट काकांकडून रुपया वसूल झाला का?

---

रात्रपाळी · सोमवार, सकाळी १०:०५

पावतीपुस्तकदादा, आधी चहा घ्या. तुमचा डेटाबेस एसक्यूलाइट असणार, म्हणजे प्रोजेक्टच्या फोल्डरमधली एकच फाइल. आणि ती फाइल तुम्ही गिटमध्येही टाकलेली असणार. बरोबर?

या प्लॅटफॉर्मवर तुम्हाला संगणक मिळत नाही, डबा मिळतो. तुम्ही पुश केलं की गिटमधला कोड घेऊन नवा डबा भरला जातो, तो सुरू होतो आणि जुना फेकून दिला जातो. जुन्या डब्यात चालू असताना जे काही लिहिलं गेलं, म्हणजे तुमच्या ६१ पावत्या, ते त्याच्याबरोबर जातं. नव्या डब्यात काय आलं? गिटमध्ये होती ती डेटाबेस फाइल. तिच्यात काका-काकू बसलेले होते. कोड सुरुवातीपासून शेवटपर्यंत बरोबर वागला.

आज पुश केलं नसतं तरी पावत्या गेल्याच असत्या. हेरोकू या प्लॅटफॉर्मवर तर दर २४ तासांत डबा निदान एकदा बदलतोच, तसं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे. फुकट प्लॅनचे डबे कुणी वापरत नसेल तर झोपतात, उठतात ते कोरे होऊन. फोटो अपलोड करायची सोय ठेवली असेल तर त्या फायलींचंही हेच.

उपाय: डेटाबेस डब्याच्या बाहेर हवा. प्लॅटफॉर्मवरच वेगळी पोस्टग्रेस (स्वतंत्र चालणारा डेटाबेस सर्व्हर) सेवा घ्या. ती तुम्हाला एक लांबलचक पत्ता देईल, त्यात नाव, पासवर्ड सगळं असतं. तो कोडमध्ये चिकटवू नका. प्लॅटफॉर्मच्या 'एन्व्हायर्नमेंट'च्या (कोडबाहेर ठेवलेल्या सेटिंग्जच्या) पानावर 'डेटाबेस यूआरएल' या नावाने ठेवा आणि सेटिंग्जमध्ये डीजे-डेटाबेस-यूआरएल हे छोटं पॅकेज वापरून तिथून वाचा. लॅपटॉपवर तो पत्ता नसेल तेव्हा एसक्यूलाइट. पोस्टग्रेसशी बोलायला सायकोपीजी लागेल, ते रिक्वायरमेंट्सच्या यादीत घाला. सायकोपीजी २ घेत असाल तर शेपटी लावलेलं 'बायनरी' घ्या, नाहीतर बिल्ड 'पीजी कॉन्फिग सापडत नाही' म्हणून रडेल.

आणि ती एसक्यूलाइटची फाइल गिटइग्नोअरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींची यादी) घातली म्हणजे गेली असं समजू नका. एकदा गिटच्या नजरेत आलेली फाइल इग्नोअरने सुटत नाही. 'गिट आरएम'ला 'कॅश्ड' जोडून आधी बाहेर काढा.

---

पावतीपुस्तक · सोमवार, सकाळी १०:२०

बरोबर, बरोबर आणि बरोबर. फाइल गिटमध्ये आहे. 'गिट अ‍ॅड' आणि पुढे टिंब, ही माझी सवय.

---

खोडरबर · सोमवार, सकाळी १०:४४

गुगल फॉर्म आणि एक शीट. पोस्टग्रेस कशाला, डबा कशाला? ६१ पावत्यांना क्लाउड म्हणजे डास मारायला तोफ.

---

पावतीपुस्तक · सोमवार, सकाळी १०:५८

खोडरबर, गेल्या वर्षी शीटच होती. दोन पोरांनी एकाच वेळी भरलं आणि ११४ नंबरच्या दोन पावत्या निघाल्या. धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेऊन वर्गणी काढतो आम्ही, हिशेब द्यावा लागतो. दोन ११४ घेऊन मी कुठे तोंड दाखवू?

---

खडूफळा · सोमवार, दुपारी १२:१५

तुमच्या अ‍ॅपमध्ये पुढचा नंबर कसा काढता? 'आतापर्यंतचा सर्वांत मोठा नंबर अधिक एक' असं असेल तर दोन ११४ तिथेही निघतील. एसक्यूलाइटवर, एकच माणूस भरत असताना कळणार नाही. दोन फोनवरून एका सेकंदात 'जतन करा' दाबलं की दोघांनाही ११३ हाच मोठा दिसतो.

पोस्टग्रेसचा आपोआप वाढणारा क्रमांक वापरला तर दुहेरी नंबर येणार नाही, पण मध्ये खड्डे पडतील. एखादी नोंद अर्धवट फसली तरी तो आकडा वापरला गेला असं तो धरतो. पावतीला खड्डाही चालत नाही, 'ही पावती कुठाय' म्हणून विचारणारच. म्हणून एक वेगळं टेबल करा, त्यात एकच ओळ: शेवटचा पावती क्रमांक. ट्रान्झॅक्शनच्या (सगळं होतं, नाहीतर काहीच होत नाही असा व्यवहार) आत 'सिलेक्ट फॉर अपडेट'ने ती ओळ धरून ठेवा, एक वाढवा, पावती लिहा, सोडा. दुसरं पोर तेवढा वेळ दारात उभं राहील, काही मिलिसेकंद. वर पावती क्रमांकाच्या रकान्याला 'युनिक'ही (तोच आकडा दुसऱ्यांदा नको) लावा. कडी आणि कुलूप दोन्ही.

आता रनसर्व्हर. तो विकासापुरता आहे, प्रत्यक्ष वापरासाठी नाही, हे जँगोवाले स्वतःच बजावतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याची तपासणी झालेली नाही. त्याच्या जागी गनिकॉर्न घ्या (जी-युनिकॉर्न म्हणा, चालतं). पायथनचं वेब अ‍ॅप आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा एक करार आहे, डब्ल्यूएसजीआय. २००३ पासून आहे, २०१० मध्ये पायथन ३ साठी सुधारला. जँगो असो, फ्लास्क असो, गनिकॉर्नला फरक पडत नाही, तो या करारावर चालतो. एक मुख्य प्रोसेस असते, तिच्या हाताखाली काही कामकरी. एखादा मेला तर मुख्य प्रोसेस नवा उभा करते.

दोन गोष्टी लोक चुकतात. पोर्ट प्लॅटफॉर्म ठरवतो, 'पोर्ट' नावाच्या व्हेरिएबलमधून तो घ्यायचा, ८००० धरून बसायचं नाही. आणि १२७.०.०.१ वर ऐकत बसायचं नाही, ०.०.०.० वर ऐकायचं. पहिल्यात फक्त डब्याच्या आतली हाक ऐकू येते. बाहेर गिऱ्हाईक दार ठोठावतंय, आत तुमचं अ‍ॅप मजेत चालू आहे आणि जगाला ५०२ (आतून उत्तर नाही) दिसतोय, हा प्रकार मी वर्गात दर सत्रात पाहतो.

---

शेजारीण · सोमवार, दुपारी १:०२

डीबग (चुकांचा सगळा तपशील पानावर दाखवणारी सेटिंग) चालू आहे का हो तुमचं? लिंक न देता सांगा. चालू असेल तर धागा वाचायचं सोडा आणि आधी ते बंद करा. काही फुटलं की ते पिवळं पान रस्त्यावरच्या कुणालाही तुमचा कोड, फोल्डरांची नावं, बऱ्याचशा सेटिंग्ज वाचून दाखवतं. पासवर्डसारख्या नावांवर जँगो चांदण्या टाकतो, बाकी उघडं.

आणि सीक्रेट की (जँगो जिने सह्या करतो ती गुप्त किल्ली) गिटहबवर गेली असेल तर ती नुसती खोडून पुन्हा कमिट करू नका. इतिहासात राहतेच. नवी बनवा, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. जुनी मेली असं समजा.

---

पावतीपुस्तक · सोमवार, संध्याकाळी ७:४०

दुपारी रजा टाकली. शेजारीणताईंचं ऐकून डीबग बंद केलं, अलाऊड होस्ट्समधली (कोणत्या पत्त्यांवर उत्तर द्यायचं ती यादी) 'सगळे चालतील'वाली चांदणीही काढली आणि पहिल्या फटक्यात सगळीकडे ४०० (विनंती अमान्य). अलाऊड होस्ट्समध्ये आपला पत्ता लिहायचा असतो हे कळायला अर्धा तास. तो लिहिला तर पान आलं पण कपडे काढून. सीएसएस गायब, चिन्ह गायब, अ‍ॅडमिनचं पान म्हणजे निळ्या लिंकांची वाळत घातलेली दोरी.

---

शेजारीण · सोमवार, संध्याकाळी ७:५५

अपेक्षितच. डीबग चालू असताना रनसर्व्हर स्टॅटिक फायली (सीएसएस, चित्रं) गुपचूप वाढत होता. आता वाढपीच नाही. व्हाइटनॉइज बसवा, तो हेच वाढायचं काम करतो. मिडलवेअरच्या (विनंती वाटेत ज्या थरांतून जाते त्यांच्या) यादीत सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली, इतर सगळ्यांच्या वर. स्टॅटिक रूट (या फायली जमा करायचा फोल्डर) द्या आणि बिल्डच्या आज्ञेत 'कलेक्टस्टॅटिक' घाला, प्रश्न न विचारण्याच्या पर्यायासह. नाहीतर तो 'हो की नाही' विचारून उत्तराची वाट पाहत बसतो, आणि तिथे उत्तर द्यायला कुणी नसतं.

---

पावतीपुस्तक · सोमवार, रात्री ९:१८

आता ५०० (आत काहीतरी फुटलं). डीबग बंद असल्यामुळे पानावर काहीच कळत नाही. रडू का?

---

रात्रपाळी · सोमवार, रात्री ९:२२

रडू नका, लॉग उघडा. सगळ्यात खालची ओळ सांगा. पायथनचा ट्रेसबॅक खालून वर वाचायचा.

---

पावतीपुस्तक · सोमवार, रात्री ९:३६

सापडलं! मॅनिफेस्टमध्ये (स्टॅटिक फायलींची यादी) मंडळाच्या चिन्हाची नोंद नाही म्हणतोय. टेम्पलेटमध्ये मी बाप्पा छोट्या बीने लिहिलंय, फाइलचं नाव मोठ्या बीने आहे. विंडोजला दोन्ही सारखेच, तिथल्या लिनक्सला वेगवेगळे. आपल्या लिपीत मोठा ब, छोटा ब भानगडच नाही हो, माझ्या डोळ्याला ते दिसतच नाही.

तो सुधारला. मग 'रिलेशन अस्तित्वात नाही', म्हणजे टेबलच नाही. ते मात्र माझं मला कळलं: नव्या पोस्टग्रेसवर मायग्रेट (टेबलं बनवणारी आज्ञा) चालवलंच नव्हतं. ते चालवलं आणि सुपरयूझर नवा केला. लॉगिनला '४०३, सीएसआरएफ' (परक्या साइटवरून आलेली विनंती समजून नाकारली). ट्रस्टेड ओरिजिन्समध्ये पत्ता घातला होता, तरी.

---

शेजारीण · सोमवार, रात्री ९:४१

पुढे एचटीटीपीएस, अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा लावल्यात का? जँगो ४ पासून नुसतं नाव चालत नाही.

---

पावतीपुस्तक · सोमवार, रात्री ९:४४

चाललं. ताई, तुमच्या नावाने एक नारळ फोडतो.

---

टेकडीवरचा · सोमवार, रात्री ११:१०

एवढा खटाटोप वाचून राहवत नाही. महिन्याच्या भाड्याने एक साधा व्हीपीएस (क्लाउडवरचा आपला स्वतंत्र संगणक) घ्या, मुंबई किंवा बेंगळुरूच्या केंद्रातला. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) पुढे, गनिकॉर्न मागे, सिस्टमडी (प्रोसेस चालू ठेवणारा) राखणीला. डिस्क तुमची, एसक्यूलाइट जिथल्या तिथे राहतो, काका-काकू उगवत नाहीत. पंधरा वर्षं हेच करतोय.

---

रात्रपाळी · सोमवार, रात्री ११:२९

टेकडीवरचे, तुम्ही करता म्हणून ते सोपं. त्या मशीनची अपडेटं कोण करणार? एसएसएचवर (दुरून मशीनमध्ये शिरायचं दार) पहिल्या दिवसापासून दार ठोठावणारे येतात, फायरवॉल कोण बघणार? हे अ‍ॅप वर्षातले ४० दिवस चालणार, उरलेले ३२५ दिवस ते मशीन बेवारस. मला वाटतं हिशेबनिसाने हिशेब करावा, नळ दुरुस्त करत बसू नये.

मधला रस्ता पायथनएनीव्हेअर ही होस्टिंग सेवा. तिथे डिस्क टिकते, एसक्यूलाइट चालतो, डब्ल्यूएसजीआयची फाइल वेबवरूनच बदलता येते. नवशिक्याला मी तेच सुचवतो. पण दादांना पीडीएफसाठी बाहेरच्या लायब्ररी लागणार, म्हणून डॉकर (डब्यात काय भरायचं ते आपण लिहून द्यायचं) चालवू देणारा प्लॅटफॉर्म बरा.

---

टेकडीवरचा · सोमवार, रात्री ११:३८

बेवारसचा मुद्दा मान्य. बाकी अमान्य. शुभरात्री.

---

खोडरबर · मंगळवार, सकाळी ८:५०

फुकट कुठे मिळेल तेवढं सांगा. सगळे जुने लेख हेरोकू म्हणतात.

---

खडूफळा · मंगळवार, सकाळी ९:२०

ते लेख २०२२ च्या आधीचे. हेरोकूने फुकट डबे २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद केले. रेंडर या प्लॅटफॉर्मवर फुकट आहे, पण १५ मिनिटं कुणी फिरकलं नाही तर अ‍ॅप झोपतं आणि पहिला येणारा बराच वेळ गोल चक्र बघतो. दारात उभ्या असलेल्या माणसासमोर ते बरं दिसत नाही, तो दार लावून घेतो. आणि तिथला फुकट पोस्टग्रेस ३० दिवसांनी मुदत संपून जातो. गणपती दहा दिवसांचे असले तरी वर्गणी महिनाभर आधी सुरू होते, म्हणजे ऐन मिरवणुकीत मुदत संपायची.

दोन महिने पैसे भरा आणि बंद करा. पण कार्ड कोणतं चालतं ते आधी बघा. परदेशी सेवांना दरमहा आपोआप पैसे जायचे तर ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे ई-मँडेटचे (आगाऊ मंजुरीचे) नियम आहेत, बरीच डेबिट कार्डं तिथे अडतात. आणि अ‍ॅप एका खंडात, डेटाबेस दुसऱ्या खंडात असं करू नका. एका पानाला वीस क्वेऱ्या (डेटाबेसला विचारलेले प्रश्न) असतील तर वीस वेळा समुद्र ओलांडायचा.

---

शाईपेन · मंगळवार, सकाळी ११:०५

जोडाक्षरांकडे कुणी पाहिलं नाही, म्हणून लिहिते. मी छपाईतली, डीटीपीत उमेदवारी केलेली. पीडीएफ रिपोर्टलॅबने (पायथनची पीडीएफ लायब्ररी) करताय ना? 'किरण' छापून बघा, 'करिण' दिसेल.

कारण असं. युनिकोडमध्ये 'कि' साठवताना आधी क, मग वेलांटी. छापताना वेलांटी क च्या डावीकडे जायला हवी. ही उलटापालट आणि जोडाक्षरं जुळवणं हे काम शेपिंग इंजिनाचं. रिपोर्टलॅबच्या साध्या वापरात ते होत नाही, तो आले तसे खिळे ओळीने मांडतो. वेलांटी क नंतर पडते, र ला जाऊन चिकटते, आणि किरणभाऊंची करिणताई होते. 'क्षीरसागर' तर पाय मोडलेला क आणि शेजारी ष.

वीझीप्रिंट वापरा. एचटीएमएल-सीएसएसमध्ये पावती मांडायची आणि तो पीडीएफ करतो. तो पँगो आणि हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी साधनं वापरतो, म्हणून मराठी नीट जुळते. फक्त पँगो ही पायथनची गोष्ट नाही, ती पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारी आज्ञा) येत नाही. डॉकरफाइलमध्ये अ‍ॅप्टने घालावी लागते.

त्यानंतर तुम्हाला चौकोन दिसतील. घाबरू नका. तुमच्या विंडोजमध्ये निर्मला हा फाँट आधीपासून बसलेला, त्या कोऱ्या डब्यात देवनागरीचा एकही फाँट नाही. फाँटची फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवा आणि सीएसएसमधून फाँट-फेसने बोलवा. माझी निवड विचाराल तर मुक्ता. मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा, मुक्त परवान्याचा, लहान आकारातही रफार भरून जात नाही. पावतीवर 'वर्गणी' आणि 'कार्याध्यक्ष' दोन्ही आहेत, रफार आणि 'र्य' मोठ्या कागदावर काढून पाहूनच फाँट ठरवा.

---

बाष्कळ · मंगळवार, सकाळी ११:२०

करिणताई! वाखुसा (वाचनखूण साठवली आहे).

---

पावतीपुस्तक · मंगळवार, दुपारी २:३०

शाईपेनताई, पेठेत एक किरण जाधव आहेत (नाव बदललंय), त्यांनी काल पावती बघून विचारलं होतं, "ही कोण?" मला वाटलं त्यांना फोनवर नीट दिसलं नसेल.

---

निळी शाई · मंगळवार, दुपारी ३:१०

तारखेचं मी सांगतो, हे मी स्वतः भोगलंय. पोरं रात्री साडेबाराला परत येऊन उरलेल्या नोंदी करतात, बरोबर? त्यांच्यावर आदल्या दिवसाची तारीख. पहाटे साडेपाचनंतरच्या नोंदी नीट.

डबा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) चालतो, आपण साडेपाच तास पुढे. लॅपटॉपवर का दिसलं नाही, ते गमतीचं आहे. सेटिंग्जमधला टाइम झोन तुम्ही बदललेला नाही, तिथे जँगोने दिलेला यूटीसीच आहे. लिनक्सवर जँगो सुरू होताना तो टाइम झोन सगळ्या प्रोसेसला लावतो, म्हणून पायथनचं 'डेट टुडे'सुद्धा यूटीसीची तारीख देतं. विंडोजवर तसं लावता येत नाही, तिथे तेच 'डेट टुडे' भिंतीवरचं घड्याळ बघतं. कोड एकच, तारखा दोन.

टाइम झोन 'आशिया/कोलकाता' करा.

---

खडूफळा · मंगळवार, दुपारी ३:३४

पुरवणी: कुठे 'टाइमझोन नाऊ'ला 'डेट' लावून तारीख काढली असेल तर झोन बदलूनही ती यूटीसीचीच येईल. तिथे 'लोकलडेट' वापरा. शोधून शोधून बदला.

---

पावतीपुस्तक · गुरुवार, रात्री १०:५०

दोन दिवस लिहिता आलं नाही. डॉकर, पोस्टग्रेस, मुक्ता, सगळं लागलं. स्थळप्रतींवरून ६१ पावत्या पुन्हा भरल्या, बायको वाचत होती, मी टंकत होतो. नवे नंबर आणि जुने नंबर जुळले.

पण आज वेगळंच झालं. समोरच्या वाड्यातल्या काकांना त्यांच्या पावतीची लिंक गेली, शेवटी १७. त्यांनी १७ चं १८ केलं. मग १९. मग पूर्ण पेठ. संध्याकाळी मंडपात येऊन सगळ्यांसमोर: "तो बंगलेवाला ५१ रुपये देतो आणि मला ५०१ सांगता?"

---

शेजारीण · गुरुवार, रात्री ११:०४

अरे देवा. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. लिंकमध्ये पावती क्रमांक नको, यूयूआयडी हवा, लांबलचक आणि ओळखता न येणारा. क्रमांक पावतीच्या आत छापा. पावतीवर फोन नंबर असेल तर तोही काढा किंवा शेवटचे चार आकडे ठेवा. जुन्या लिंका आज रात्रीच बंद.

---

बाष्कळ · गुरुवार, रात्री ११:०९

बंगलेवाल्याने पुढे किती दिले?

---

पावतीपुस्तक · शुक्रवार, सकाळी ८:१५

यूयूआयडी केला. बंगलेवाल्यांनी आज सकाळी स्वतः येऊन ११०१ ची नवी पावती फाडली, म्हणून खजिनदार काका म्हणताहेत की जुनीच पद्धत चांगली होती, लिंका उघड्याच ठेव.

---

शाईपेन · शुक्रवार, सकाळी १०:४०

अवांतर: वर्गणीदारांची यादी लावताना क्रम बघा. पायथनच्या साध्या क्रमवारीत 'काळे' 'कावळे'च्या आधी येतात, कारण युनिकोडात ळ ल च्या शेजारी बसवलाय. आपल्या मुळाक्षरांत ळ ह च्याही नंतर.

---

निळी शाई · शुक्रवार, सकाळी ११:१५

पोस्टग्रेसमध्ये मराठीचं आयसीयू कोलेशन (भाषेनुसार क्रम लावायचे नियम) असतं, जँगोत 'कोलेट' वापरून यादी त्यानुसार लावा, ळ जागेवर जातो. मात्र क्ष शेवटी हवा की क मध्ये, यावर मंडळात ठराव घ्या. काही शब्दकोश क मध्ये ठेवतात, अंकलिपी शेवटी.

---

पावतीपुस्तक · रविवार, रात्री १:२०

विसर्जन झालं, आवाज बसलाय, म्हणून टंकतो.

एकूण ४१२ पावत्या. एकदाच पडलं. आरतीनंतर काकांनी 'सर्व पावत्या एकत्र' हे बटण दाबलं. बरोबर ३० सेकंदांनी पान मेलं. काकांनी पुन्हा दाबलं. मग आणखी दोघांनी दाबलं. लॉगमध्ये आधी 'वर्कर टाइमआउट', मग 'सिगकिल, बहुधा मेमरी संपली'. ५१२ एमबीचा डबा, मी कामकरी पाच ठेवलेले, कारण कुठेतरी वाचलं होतं 'कोअरच्या दुप्पट अधिक एक'.

---

रात्रपाळी · रविवार, सकाळी ९:००

ते सूत्र कोअर मोजतं, तुमची मेमरी मोजत नाही. त्या डब्यात दोन कामकरी पुष्कळ. आणि ४१२ पीडीएफ एका विनंतीत करायच्या नाहीत. गनिकॉर्न मुळात ३० सेकंद वाट बघतो आणि कामकऱ्याला मारतो. मुदत वाढवता येते, पण मग तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. वर्षातून एकदा लागणारी गोष्ट आहे. मॅनेजमेंट कमांड (टर्मिनलवरून चालवायची जँगोची आज्ञा) लिहा, लॅपटॉपवरून त्याच पोस्टग्रेसला जोडून चालवा, पंखा फिरू दे. बटण काढून टाका.

आणि प्लॅन बंद करण्याआधी पीजी-डंपने प्रत उतरवा. उतरवलेली प्रत लॅपटॉपवरच्या रिकाम्या पोस्टग्रेसमध्ये भरून, ४१२ मोजून, मगच बंद करा. न उघडलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

---

खोडरबर · रविवार, सकाळी ९:४५

माझी शीट पडली नसती.

---

पावतीपुस्तक · मंगळवार, रात्री ८:३०

प्रत उतरवली, भरून पाहिली. पहिल्यांदा ४११ आले. तासभर घाम फुटला. मग कळलं की भरला तो विसर्जनाआधी घेतलेला जुना डंप, आणि त्यानंतर काकांनी एका उशिरा आलेल्या वर्गणीची पावती फाडली होती. पुन्हा उतरवली, ४१२. प्लॅन बंद केला.

डंप आणि सगळ्या पीडीएफ एका पेनड्राइव्हवर घालून काकांकडे दिल्या. त्यांनी तो पाकिटात घातला, पाकिटावर पेनाने 'वर्गणी, १ ते ४१२' लिहिलं आणि स्थळप्रतींच्या गठ्ठ्याला रबर लावून मंडळाच्या लोखंडी कपाटात ठेवलं, झांजांच्या शेजारी. किल्ली त्यांच्याकडेच आहे.